बाणावर काय लिहायचं

दिनकर, त्या बाणावर काय लिहायचं हे आपलं ठरलं नव्हतं, आणि तू गेलास. मंगळवारची बैठक मात्र ठरलेली होती. धंतोलीतल्या त्या रुग्णालयाला नवी आकृती दाखवायची होती, ती मान्य झाली की काम सुरू होणार होतं, आणि तिच्यातला एक बाण कोरा होता. तुझ्या आकृतीत कोरा बाण मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. तो माझ्यामुळे कोरा राहिला होता. भांडण पुरं झाल्याशिवाय तू त्यावर पेन्सिल टेकवणार नव्हतास.

शोकसभेत तुझ्याबद्दल बरंच बोलून झालं. शिक्षण कुठे झालं, नोकऱ्या कुठे केल्या, कोणत्या साली काय. मी मनातल्या मनात सगळं तपासत होतो, कारण तपासणं हाच माझा धंदा. बहुतेक बरोबर होतं. एकाने तुला संगणकतज्ज्ञ म्हटलं तेव्हा मात्र मला हसू आलं. तू संगणकासमोर कितीसा बसायचास? तू चित्रं काढायचास. रामदासपेठेतल्या आपल्या लहानशा कंपनीत रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनतं, आणि त्याची एक ओळ लिहिली जाण्याआधी तू ते सगळं रुग्णालय कागदावर उतरवायचास. माणूस दारातून आत कसा येतो, कोणाकडून कोणाकडे जातो, कुठे थांबतो, बाहेर कसा पडतो. चौकोन, गोल आणि बाण. बनून आल्यावर ते बरोबर चालतं की नाही, हे मी पाहायचो. तू सगळ्यात आधी, मी सगळ्यात शेवटी. मधल्या माणसांनी दोघांचीही बोलणी खाल्ली.

आपली ओळख झाली तेव्हा तुझ्या खिशात हिरव्या प्लास्टिकची एक पट्टी असायची. तिच्यात फ्लोचार्टचे आकार कापलेले. आत पेन्सिल फिरवली की चौकोन उमटायचा, नाहीतर शंकरपाळा. शंकरपाळा म्हणजे प्रश्न; त्याच्या एका टोकातून होकाराची वाट, दुसऱ्यातून नकाराची. मी वाणिज्य शाखेतून या धंद्यात नुकताच आलो होतो आणि मला कोष्टकाशिवाय काही पटत नसे. उभे रकाने, आडव्या ओळी, प्रत्येक घरात हो किंवा नाही. मी तुला म्हणालो, तुझी शंकरपाळी दिसायला छान आहेत, पण एखादी वाट काढायची राहून गेली तर कळणार कसं? कोष्टकात रिकामं घर लगेच डोळ्यात भरतं. तू पट्टी खिशात ठेवलीस आणि अगदी गंभीरपणे विचारलंस,

“घरी जेवाले बसतो तवा वांग्याची भाजी वहिनी कोणत्या रकान्यात वाढते गा?”

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, पण तुझ्या त्या आकृतीवरून रात्री घरी कोष्टक मांडलं आणि दोन वाटा खरंच राहिल्या होत्या. सकाळी तुला दाखवल्या. तू आकृती खोडलीस, नवी काढलीस, आणि त्यानंतर तुझी प्रत्येक आकृती आधी माझ्या टेबलावर यायला लागली. आपलं तेवढं एक पक्कं झालं: तू काढायचं, मी तिचं कोष्टक करायचं, आणि दोन्ही जुळेपर्यंत कोणी उठायचं नाही. आमच्या महालातल्या घरी आई विचारायची की हा उमरेडकडचा मित्र तुझ्यावर एवढा ओरडतो कशाला. मी सांगायचो, ओरडत नाही, ते लोक तसंच बोलतात.

पुढे पट्टी गेली आणि नव्या पद्धतीच्या आकृत्या आल्या. तू त्या अशा शिकलास, जशी एखाद्याने मोठेपणी नवी लिपी शिकावी. वर माणसांची नावं, प्रत्येक नावाखाली लोंबणारी दोरी, आणि एका दोरीकडून दुसरीकडे आडवे जाणारे निरोप. काळ वरून खाली उतरतो. ती सीक्वेन्सची आकृती तू पहिल्यांदा फळ्यावर काढलीस तो दिवस मला आठवतो. वॉर्डातून औषध मागवलं जातं आणि ते येतं, इतकंच त्यात होतं. पण निरोप गेल्यापासून उत्तर येईपर्यंत सिस्टरच्या नावाची दोरी फळ्याच्या पार खालपर्यंत गेली होती. ती बाई तिथे नुसती उभी आहे, हे न सांगता दिसत होतं. मी म्हणालो, हे मला कोष्टकात दिसलं नसतं. त्या वाक्यावर तू ऑफिसातल्या सगळ्यांना चहा पाजलास आणि कशाबद्दल, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवलंस.

बाणाच्या टोकावरून तू जीव खायचास. भरीव टोक म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबायचं, उघडं टोक म्हणजे सांगून पुढे निघायचं. नवीन मुलं दोन्ही कशीही काढायची. त्यांना वाटायचं, दिसण्याचा प्रश्न आहे. मग तू त्यांना रक्तपेढीची आकृती समोर ठेवून विचारायचास की रक्त मागितलं, आता ऑपरेशन थांबवू की सुरू करू? टोक पाहून सांगा. त्यानंतर त्या मुलाचं टोक चुकत नसे. तुझ्या आकृतीत रंग नसायचे, रुग्णालयाचं लाल चिन्ह नसायचं, कोपऱ्यात हसरा डॉक्टर नसायचा. विक्री विभागाने एकदा तुझी आकृती सजवून नेली तर तू ती परत मागवलीस आणि म्हणालास की याच्यात बँडबाजा तेवढा राहिला.

अलीकडे लिहून झालेल्या प्रोग्रामवरून आकृती आपोआप काढून देणारी साधनं आली. क्षणात होते, आणि सुबक होते. मला वाटलं तू चिडशील. तू चष्मा सरकवून बराच वेळ ती पाहिलीस. “एकदम बराबर हाये,” म्हणालास, “पण हा पंचनामा झाला गा. मले नकाशा पाहिजे होता.” मी यावर नंतर पुष्कळ विचार केला. माझं सगळं आयुष्य पंचनाम्यात गेलं आहे, म्हणून असेल.

आता त्या बाणाकडे येतो.

आकृती चालून पाहायची, ही पद्धत तुझीच. दुसऱ्या कोणत्या कंपनीत असं करतात, हे मी अजून ऐकलेलं नाही. आकृती कागदावर जुळली की तू ती ऑफिसच्या गच्चीवर खडूने मोठी काढायचास. प्रत्येक अवस्थेचा एक चौकोन, माणूस उभा राहील एवढा. चौकोनांमधून बाण, आणि प्रत्येक बाणावर लिहिलेलं की काय घडलं म्हणजे इथून तिथे जायचं. मग रुग्णालयातली माणसं बोलवायची, आपली काही घ्यायची, सगळ्यांच्या गळ्यात कार्ड अडकवायची आणि चालायला लावायचं. जो अडकेल, तिथे आकृती चुकली. चालणाऱ्यांचे पाय सावलीत आहेत की उन्हात यावरून तू चहाची वेळ ठरवायचास. मोठमोठे डॉक्टर बूट काढून खडूच्या रेघा सांभाळत चालताना मी पाहिलेत, आणि तू बाजूला उभा राहून सांगायचास, “साहेब, बाण नाही तिकडे. कसे चालले?”

त्या दिवशी रुग्ण तू होतास. तुझ्याशिवाय कोणी व्हायला तयारच नसे, कारण आकृतीत एक चौकोन ‘मृत’ असा होता आणि त्यात पाय ठेवायला लोक कचरायचे. तू जाऊन उभा राहायचास आणि मेल्यावर तरी बिनसाखरेचा देऊ नका, म्हणून चहा मागायचास. बेडचं कार्ड रवीच्या गळ्यात होतं. रवी आपला फोनवर लोकांच्या तक्रारी घेणारा, शरीराने भरभक्कम, त्याला बेड केल्याबद्दल सकाळपासून तो कुरकुरत होता. रुग्णालयाकडून मेश्राम सिस्टर आल्या होत्या, आयसीयूत वर्षानुवर्षं काम केलेल्या. तू ‘मृत’ मध्ये जाऊन उभा राहिलास आणि रवीने विचारलं, “आता मी कुठे जाऊ?”

आपल्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर सोपं होतं. मृत्यूची नोंद झाली की बेड आपोआप ‘सफाई’त. खाली सफाईवाल्यांना निरोप जातो, ते वर येतात. रवीने त्या चौकोनाकडे पाऊल उचललं तेव्हा मेश्राम सिस्टर म्हणाल्या की आम्ही असं होऊ देत नाही. काय करता, असं तू विचारलंस. त्यांनी जरा घुटमळत सांगितलं, कागदावर वेळ लगेच आणि खरी लिहितो, पण स्क्रीनवर नोंद उशिरा करतो. नातेवाईक जवळ बसलेले असतात. त्यांच्यासमोर बादली आणि फडकं घेऊन माणूस उभा करायचा का?

मला ते टोचलं, आणि तुला माहीत होतं की मला काय टोचलं. एका मृत्यूच्या दोन वेळा. कागदावर एक, स्क्रीनवर एक. आणि सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. आपली आकृती त्यांना तसं वागायला लावत होती. ती बदलायची, याबद्दल तुझं-माझं दुमत नव्हतं. मी म्हणालो, ‘मृत’ नंतर मधे एक अवस्था घालू, बेड तिथे थांबेल, आणि बाणावर वेळ लिहू. अमुक मिनिटं झाली की सफाई. तू नकारार्थी मान हलवलीस.

“मिनिटं नाही लिहाची. काय घडलं ते लिहाचं. ‘नातेवाईक उठले.’”

मी विचारलं की हे मोजायचं कसं. तू म्हणालास, मोजायचं नाही, पाहायचं. सिस्टर पाहतील आणि बटण दाबतील. मी विचारलं की त्या वेळी खाली गाडीत यवतमाळकडून आणलेला माणूस असला, त्याला तोच बेड हवा असला, त्याच्या नाकाला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला असला, तर? त्याच्या घरच्यांना काय सांगायचं, वरचे अजून उठले नाहीत? मी जिवंत माणसाच्या बाजूने बोलत होतो, दिनकर, आणि ते तू कधी नाकारलं नाहीस. तू फक्त म्हणालास की मेलेल्याच्या घरच्यांना आकडा लावला तर तो मलेच लावल्यासारखा वाटते. रवी अजून तिथेच उभा होता. शेवटी त्यानेच विचारलं की बेडने चहा प्यायला तर चालेल का.

मग हे भांडण कित्येक आठवडे चाललं. डब्याच्या वेळेला, जिन्यात, तुझ्या स्कूटरवर मागे बसून सिताबर्डीच्या सिग्नलला. मी आकडा कमी-जास्त करून आणायचो, तू तो न ऐकताच परत करायचास. दोघांचंही चुकत नव्हतं आणि तरी आकृती जुळत नव्हती. असं झालं की कुठेतरी तिसरीच चूक असते, हे तू नेहमी सांगायचास. पण ती सापडत नव्हती.

ती तुला सापडली, आणि तीही त्याच रुग्णालयात, आडवं पडून. तुला भरती केलं तेव्हा वाटलं होतं की आठवड्याभरात सोडतील. एक दिवस त्रास वाढला म्हणून तुला वॉर्डातून आयसीयूत हलवलं. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी आलो. सुनंदावहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या, म्हणाल्या, जा भाऊजी लवकर, सकाळपासून तुमची वाट पाहून राहिले, मला तर काही सांगतच नाहीत. मला वाटलं, तब्येतीबद्दल काही असेल. आत गेलो तर तुझे डोळे चमकत होते.

“काल मले इथे आणलं. कशावर आणलं, सांग.”

मी म्हटलं, स्ट्रेचरवर.

“याच बेडवर गा. चाकाचे ब्रेक सोडले अन् निघालो, उशीसकट. सगळा वऱ्हांडा फिरून आलो.” मग श्वास घ्यायला थांबलास. “आपण बेडले भिंतीत चिणून टाकलं होतं, अनिल. त्याले तर चाकं हायेत.”

मला समजायला वेळ लागला. तू चादरीवर बोटाने काढून दाखवलंस. आपण इतकी वर्षं ‘बेड क्रमांक सात’ असा एक चौकोन काढत होतो. पण तो एक नव्हताच. एक ती भिंतीजवळची जागा, जिच्यामागे ऑक्सिजनचा नळ आहे आणि वर पडद्यावर हिरवी रेघ धावते. आणि दुसरी ती चाकाची खाट. यवतमाळच्या माणसाला हवी ती जागा. खाटेवाचून त्याचं काही अडलेलं नाही. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना हवी ती खाट. त्यांना भिंतीतल्या नळाचं आता काय? दोन गोष्टी आपण एका चौकोनात कोंबल्या आणि मग त्या एका चौकोनासाठी जिवंताला आणि मेलेल्याला भांडायला लावलं. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यातून खाटा ढकललेल्या आपण शेकडो वेळा पाहिल्या असतील. कागदावर खाटेला चाकं काढली नव्हती, म्हणून आपल्याला ती दिसली नाहीत.

मी तुला मिठी मारायला हवी होती. त्याऐवजी मी विचारलं की खाट नेणार कुठे, आणि जागेवर दुसरी खाट येणार कुठून. तू खूश झालास. “तेच तर. ते तू मोज,” म्हणालास. मी मोजलं. मेश्राम सिस्टरना घेऊन भांडारात गेलो, जास्तीच्या खाटा होत्या, चाकं फिरवून पाहिली. वऱ्हांड्याच्या टोकाला एक खोली होती, खिडकीची, सलाइनच्या खोक्यांनी भरलेली. दार खाटेपेक्षा रुंद होतं. टेप लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन तुला सगळं सांगितलं तेव्हा तू म्हणालास की एवढा चांगला निकाल डॉक्टरनेही दिला नाही मले.

तिथेच नवी आकृती केली. जागेची वेगळी, खाटेची वेगळी. तुझ्या एका हाताला सलाइन होती, तरी दुसऱ्याने पेन्सिल सोडली नाहीस. त्या खिडकीच्या खोलीचा, ‘निरोपाची खोली’ हा चौकोन तेवढा माझ्याकडून काढून घेतलास, हात थकला म्हणून, आणि मग आयुष्यभर रकाने पाडणाऱ्याला एक चौकोन सरळ येत नाही म्हणून सिस्टरना बोलावून दाखवलास. शेवटी एकच बाण उरला, त्या खोलीतून बाहेर जाणारा. तू म्हणालास, ‘नातेवाईक उठले.’ मी म्हणालो, खोली एकच आहे, दिनकर. तेवढ्यात दुसरं कुटुंब आलं तर? इथे तरी वेळ लिहावी लागेल. तू खूप थकला होतास.

“उद्या भांडू,” म्हणालास.

सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा वऱ्हांड्यात मेश्राम सिस्टर आणि एक वॉर्डबॉय तुझी खाट ढकलत होते. चादर नीट लावलेली, उशी तुझीच. वहिनी एका हाताने खाटेचा कठडा धरून बरोबर चालत होत्या. समोरून दुसरी खाट आली, तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ, नाकाला नळी, मागे त्यांचा मुलगा पिशवी घेऊन. वऱ्हांडा अरुंद. दोन्ही खाटा क्षणभर थांबल्या, एकमेकींना वाट दिली, आणि ती खाट तुझ्या जागेवर गेली आणि तुझी खिडकीच्या खोलीत. नवं सॉफ्टवेअर अजून बनायचं होतं. आकृती अजून मान्य व्हायची होती. सिस्टरनी आपलं भांडण पलीकडून ऐकलं होतं, भांडार माझ्याबरोबर पाहिलं होतं, एवढंच. खोकी एका बाजूला भिंतीशी रचून ठेवली होती. बहुतेक आदल्याच दिवशी.

तुला आवडलं असतं, असं लिहिणार होतो. पण मला ते माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. मला काय वाटलं ते सांगतो. तुझ्या जाण्याचं दुःख होतं, आणि त्याच वेळी, त्याच वऱ्हांड्यात, तुझा मला इतका अभिमान वाटला की रडू त्यामुळे आलं.

दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसलो. आतून वहिनींचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण त्या तुला काहीतरी सुनावत होत्या. मधेच एकदा हसल्यासारख्या वाटल्या, मग पुन्हा बोलणं. मेश्राम सिस्टर दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि दाराला हात न लावता परत जायच्या. किती वेळ गेला, हे मला विचारू नकोस. मी पाहिलं नाही. मग दार उघडलं. कोणी ठोठावलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी बाहेर आल्या, पदर नीट केला, तुझा चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “चला भाऊजी, पुढचं पाहू.”

त्या दिवशीची तुझी नोंद मी नंतर पाहिली. पाहायलाच हवी होती, असं नाही, पण पाहिली. कागदावरची वेळ आणि स्क्रीनवरची वेळ एकच आहे.

तुला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी फार नाहीत, आपण रोज बोलत होतो. एक आहे. माझ्या कोष्टकांना तू नावं ठेवलीस, पण माझं कोष्टक न पाहता तू एकही आकृती बाहेर जाऊ दिली नाहीस, आणि हे तू लोकांना सांगायचास, मला कधी सांगितलं नाहीस. मला ते शोकसभेत कळलं. मीही घरी जेवताना तुझ्याबद्दल जे बोलायचो, ते तुला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही. त्याबद्दल तक्रारही नाही. एवढंच, की तुझ्यामुळे मला माझं काम चांगलं करता आलं, आणि ते मी तुला तोंडावर म्हणालो असतो तर तू त्यावरही काहीतरी फालतू बोलला असतास आणि मला ते ऐकायचं होतं.

मंगळवारी मी आकृती घेऊन गेलो. टेबलाच्या एका बाजूला रुग्णालयाचे मुख्य डॉक्टरसाहेब आणि मेश्राम सिस्टर, दुसऱ्या बाजूला रवी आणि मी. डॉक्टरसाहेबांनी जागा आणि खाट वेगळी केलेली पाहिली, बोट फिरवत बाण तपासले, आणि म्हणाले की हे आम्हालाच आधी सुचायला हवं होतं. भांडारातल्या खाटांचा, दाराच्या रुंदीचा हिशेब मी पुढे ठेवला. त्यांना तो पटला. मग बोट शेवटच्या बाणावर आलं. तो आता कोरा नव्हता. मी सकाळी तुझ्याच पेन्सिलीने लिहिलं होतं, तू सांगितलं होतंस तेच.

ते म्हणाले, “इथे वेळ टाका ना. बाकी सगळीकडे तुम्ही आकडे दिलेत.”

मी म्हणालो, इथे नाही. दुसरं कुटुंब त्याच वेळी आलं तर दुसऱ्या मजल्यावर तशी एक खोली निघते, ती मी पाहून आलो आहे; ती आकृतीत घातली आहे. पण या बाणावर आकडा नाही.

“आणि नाही उठले तर?”

रवी माझ्याकडे पाहत होता. इतकी वर्षं असे प्रश्न मीच विचारत आलो.

“उठतात, साहेब,” मी म्हणालो. “बाहेर कोणी थांबलं असलं की उठतात. मी पाहिलं आहे.”

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी होकारार्थी मान हलवली. साहेबांनी बाणावरचं बोट उचललं आणि पुढचा कागद ओढला.